पुलाच्या पोटात

माझ्या कपाटात एकाच पुलाचे दोन अहवाल आहेत आणि दोन्हींवर माझीच सही आहे. पहिल्यात लिहिले आहे, 'पुलाची सर्वसाधारण स्थिती समाधानकारक. किरकोळ दुरुस्ती सुचविण्यात येत आहे.' दुसऱ्यात लिहिले आहे, 'दहा टनांहून अधिक वजनाच्या वाहनांस पूल तातडीने बंद करावा.' दोन्हींत अंतर सहा वर्षांचे. माणसाच्या तब्येतीत सहा वर्षांत एवढा फरक पडू शकतो, पण हा पूल सहा वर्षांत तेवढा बिघडला नव्हता. पहिल्या वेळीही तो जवळपास तसाच होता. मला दिसला नव्हता, इतकेच.

कोकणातल्या एका खाडीवरचा, सत्तरच्या दशकात बांधलेला हा काँक्रीटचा पूल. त्याचे नाव सांगत नाही; त्याच्या वयाचे आणि त्याच्यासारख्या बांधणीचे पूल किनारपट्टीवर जागोजाग आहेत आणि मी जे सांगणार आहे ते त्या सगळ्यांना थोडेफार लागू आहे. पूल कोसळला की 'स्ट्रक्चरल ऑडिट झाले होते का?' हा प्रश्न वर्तमानपत्रांत येतो. ऑडिट म्हणजे नेमके काय करतात, त्यातून काय कळते आणि काय कळूच शकत नाही, हे मात्र क्वचित कुणी सांगते. म्हणून हा लेख.

पहिली तपासणी मी एका दिवसात उरकली होती. पुलावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चाललो, कठडे पाहिले, डांबर पाहिले, दोन गाळ्यांमधल्या फटीवरचे लोखंडी जॉइंट पाहिले. मग काठावर उतरून दुर्बिणीतून खालची बाजू न्याहाळली. भरती होती, होडी मिळाली नाही. दोन गर्डरांवर काँक्रीटचे पोपडे सुटलेले दिसले आणि एका जॉइंटच्या खाली तपकिरी ओघळ दिसला. त्याचा फोटो काढला आणि 'पाण्याचा निचरा सुधारावा' असे लिहून दिले. त्या अहवालातले एकही वाक्य खोटे नव्हते. फक्त पाण्याचा ओघळ तपकिरी का असावा, हे मी स्वतःला विचारले नाही.

दुसऱ्या वेळी ओहोटीची वेळ साधून होडीने गेलो. सोबत त्या रस्त्याचे एक मैलकुली होते, निवृत्तीला आलेले. त्यांना सगळे काका म्हणत. होडी खांबाला लावताना ते सहज म्हणाले, "सायेब, ट्रक गेला की हा सांधा आधी एकदा वाजायचा. दोन-तीन पावसाळे झाले, आता दोनदा वाजतो." पुलाच्या तपासणीवरची जी पुस्तके मी वाचली त्यांत हे लक्षण दिलेले नाही, पण त्या दिवसातली ती सर्वांत मोलाची माहिती होती.

पुलाच्या तपासणीतले पहिले आणि आजही सर्वांत उपयोगी हत्यार म्हणजे अर्धा किलोची साधी हातोडी. बाजारात मडके घेताना आपण ते बोटाने वाजवून पाहतो, तसेच काँक्रीट वाजवून पाहायचे. भरीव काँक्रीट टणक आवाज देते. आतून सुटलेले काँक्रीट वरून धड दिसले तरी बद्द वाजते. आम्ही त्या गर्डरांच्या टोकांवर हातोडी चालवली तेव्हा ओघळाच्या दोन्ही बाजूंना हातभर जागा बद्द वाजली. दुर्बिणीला आवाज ऐकू येत नाही.

असे का होते हे समजायला काँक्रीटच्या पोटात शिरावे लागेल. काँक्रीट दाब सोसण्यात मोठे बळकट, पण ताण सोसण्यात फार दुबळे; त्याची ताणशक्ती दाबशक्तीच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतकी. म्हणून जिथे ताण येतो तिथे पोलादी सळया घालतात. ही जोडी जमण्याचे एक रासायनिक कारणही आहे. सिमेंटमुळे काँक्रीट अल्कधर्मी असते, त्याचा सामू साडेबारा-तेरापर्यंत असतो. एवढ्या अल्कधर्मी परिसरात पोलादावर एक अतिसूक्ष्म संरक्षक पापुद्रा धरतो आणि पोलाद गंजत नाही. म्हणजे काँक्रीट सळईला नुसते धरून ठेवत नाही, तिला जपतेही.

हे जपणे दोन वाटांनी संपते. पहिली वाट हवेची. हवेतला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांतून हळूहळू आत जातो आणि तिथला अल्कधर्म मारतो. हा प्रवास सुरुवातीला भरभर आणि नंतर मंद होत जातो. ढोबळमानाने खोली काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. दहा वर्षांत दहा मिलिमीटर आत गेला असेल तर चाळीस वर्षांत वीस मिलिमीटर जाईल. हे ऐकायला दिलासा देणारे आहे, पण याचीच उलटी बाजू पाहा. याच वेगाने २५ मिलिमीटर जाडीचे आवरण पार करायला त्याला बासष्ट वर्षे लागतील, आणि आवरण १२ मिलिमीटरच असेल तर चौदाच वर्षे. आवरण निम्मे झाले की आयुष्य पावभर उरते. आता सत्तरच्या दशकातला एखादा ओतकामाचा दिवस डोळ्यांसमोर आणा. सळयांच्या जाळीखाली ठेवायचे काँक्रीटचे छोटे ठोकळे कुणी दोन-चार ठिकाणी ठेवायला विसरला, जाळी खाली बसली. नकाशात २५ मिलिमीटर आहे, पुलात १२ आहे. पन्नास वर्षांनी पुलाचे भवितव्य अशा विसरण्यावर ठरते.

दुसरी वाट मिठाची. खाडीची खारी हवा, भरतीचे तुषार, क्वचित बांधतानाच मिसळलेली खाडीची वाळू यांतून क्लोराइड सळईपर्यंत पोचते. सिमेंटच्या वजनाच्या शेकडा ०.४ च्या आसपास क्लोराइड सळईशी जमले की गंजण्याचा धोका सुरू झाला, असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. हा गंज अधिक कपटी असतो. तो सळईभर पसरण्याऐवजी एकाच जागी खोल खड्डा करतो, दातातल्या किडीसारखा.

गंजलेल्या लोखंडाला मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा लागते. काँक्रीटच्या पोटात एवढी जागा नसते, मग ते आतून फुटते. आधी सळईच्या रेषेत बारीक भेग, मग पोकळ आवाज, मग पोपडे. भेगेतून पाणी आत-बाहेर करू लागले की ते गंज बरोबर घेऊन येते. माझा तपकिरी ओघळ तो होता. मी त्याला पाण्याचा निचरा समजलो.

हे झाले साध्या सळयांच्या काँक्रीटचे. इथे निदान एक उपकार असतो, पूल बोलतो. भेगा पडतात, गर्डर खाली झुकतो, तुकडे पडतात. नीट आखलेला सळयांचा गर्डर मोडण्यापूर्वी बराच वेळ कुरकुरतो. पण लांब गाळ्यांसाठी दुसऱ्या महायुद्धानंतर जगभर जे तंत्र पसरले, त्यात ही कुरकुर ऐकू येईलच असे नाही.

बैलगाडीच्या चाकावर धाव चढवताना ज्यांनी पाहिले असेल त्यांना हे तंत्र लगेच कळेल. लोखंडी धाव तापवून लाकडी चाकावर चढवतात आणि पाणी ओततात. धाव आवळते आणि चाकाचे सारे तुकडे एकमेकांवर दाबले जातात. पूर्वताणित काँक्रीटमध्ये हेच केबलने करतात. गर्डर ओतताना त्यात पोकळ नळ्या ठेवायच्या, त्यांतून उच्च शक्तीच्या पोलादी तारा ओवायच्या, जॅकने प्रचंड ताणून टोकांना जखडायच्या. तारा आखडू पाहतात आणि काँक्रीट कायमचे दाबाखाली राहते. गाडीच्या वजनाने येणारा ताण त्या दाबातून वजा होतो. फ्रान्सच्या यूजेन फ्रेसिने यांनी १९२८ मध्ये याचे पेटंट घेतले. शेवटी नळीत सिमेंटचे पातळ द्रावण दाबून भरायचे, म्हणजे तारा गंजणार नाहीत. सगळा घोळ या शेवटच्या कामात होतो. द्रावण नळीच्या उंच भागात पोचत नाही, हवा अडकते, पाणी साठते. बाहेरून काहीच दिसत नाही. आणि ताणलेली बारीक तार गंजली की जाड सळईसारखी वर्षानुवर्षे झिजत बसत नाही. ती तुटते.

गोव्यात मांडवीवरचा पहिला पूल १९७० च्या सुमारास झाला. पणजी आणि बार्देश यांना जोडणारा, पूर्वताणित काँक्रीटचा, त्या काळी अभिमानाची वस्तू असलेला. ५ जुलै १९८६ रोजी तो कोसळला. वय जेमतेम सोळा. आज अशा पुलांचे आयुष्य शंभर वर्षे धरून आराखडा करतात. खाऱ्या हवेत केबल गंजणे हे त्या कोसळण्यामागचे एक मुख्य कारण मानले जाते. पणजी-बेतीची फेरीबोट पुन्हा सगळ्यांची झाली. पुढे तिथे नवे पूल उभे राहिले. ठाण्याच्या खाडीवरचा, मुंबईला वाशीशी जोडणारा १९७३ चा पूलही पूर्वताणितच. त्याच्याही केबल गंजू लागल्याचे काही वर्षांतच ध्यानात आले. तिथे मात्र वेळेवर पाहिले गेले. बाहेरून नव्या केबल ताणून त्याला आधार दिला गेला आणि शेजारी दुसरा पूल बांधला गेला. मांडवी सर्वांना आठवते. ठाण्याच्या पुलाला सावरले गेले ही गोष्ट आमच्या धंद्याबाहेर कुणाला माहीत नसते. न पडलेल्या पुलाची बातमी होत नाही.

मांडवीच्या सात महिने आधी, ४ डिसेंबर १९८५ रोजी, वेल्समध्ये इनिस-इ-ग्वास नावाचा छोटा पूल पडला होता. १९५३ चा, एकाच अठरा मीटरच्या गाळ्याचा. काँक्रीटचे तयार तुकडे केबलने जोडलेले. तुकड्यांच्या सांध्यांतून पाणी शिरून केबल गंजल्या. आधी भेग नाही, झुकणे नाही, आणि पडला तेव्हा त्याच्यावर वाहन नव्हते. या पुलाचा आणि त्याच्यासारख्या इतरांचा एवढा धसका घेतला गेला की १९९२ मध्ये ब्रिटनने द्रावण भरलेल्या केबलचे नवे पूल बांधणेच काही वर्षे थांबवले. अगदी अलीकडे, ११ सप्टेंबर २०२४ च्या पहाटे तीनच्या सुमारास, जर्मनीत ड्रेस्डेनच्या कारोला पुलाचा एक भाग एल्ब नदीत कोसळला. शेवटची ट्राम काही मिनिटांपूर्वीच गेली होती. तिथेही तारा आतून तुटत आल्या होत्या.

हे दोन्ही पूल जवळपास रिकामे असताना पडले, यात एक गोष्ट दडलेली आहे आणि ती सामान्य वाचकापर्यंत पोचत नाही. काँक्रीटचा लांब पूल मुख्यतः स्वतःचेच ओझे वाहत असतो. समजा एखाद्या गर्डरची ताकद १०० आहे. त्याचे स्वतःचे वजन ४५ आणि त्यावरच्या वाहनांचा भार २०, एकूण ६५. गंजाने ताकद १०० वरून ७५ वर आली. आपण घाबरून वाहतूक निम्म्यावर आणली, तरी भार ६५ चा ५५ होतो. पूल बंद करून टाकला तरी ४५ उरतातच. हे आकडे मी समजण्यासाठी घेतले आहेत, पण प्रमाण असेच असते. वजनबंदीची पाटी लावली म्हणजे पूल वाचला, असे समजणाऱ्यांनी हा हिशोब एकदा करून पाहावा. वजनबंदीने वेळ मिळतो, आणि तोही थोडा.

आता पुन्हा त्या खाडीवर. आमचा पूल पूर्वताणित नव्हता, साध्या सळयांचा होता. पण त्याच्या रचनेत एक नाजूक जागा होती. खांबांवरून दोन्ही बाजूंना बाहेर आलेले हात, आणि त्या हातांच्या टोकांवर टेकवलेला मधला गाळा. टेकवण्यासाठी दोघांच्याही टोकांना अर्ध्या उंचीची खाच. एकाचा खालचा ओठ, त्यावर दुसऱ्याचा वरचा ओठ, मध्ये बेअरिंग. आमच्याकडे याला आर्टिक्युलेशन म्हणतात. साठ-सत्तरच्या दशकात ही रचना लोकप्रिय होती, कारण हिशोब सोपा आणि काँक्रीट कमी. पण जिथे गर्डरची उंची निम्मी होते तिथेच सगळा भार एकवटतो. बरोबर त्याच्या डोक्यावर रस्त्याचा जॉइंट असतो, आणि जॉइंट गळतोच. म्हणजे सर्वांत नाजूक जागी सर्वांत जास्त पाणी, आणि तिथे माणसाचा हातही धड जात नाही. ही रचना ज्यांनी केली ते हुशार लोक होते. जॉइंट गळतो ही साधी गोष्ट त्यांना ठाऊक नसेल असे मला वाटत नाही. त्यांनी बहुधा धरून चालले की कुणीतरी तो दर काही वर्षांनी बदलेल.

३० सप्टेंबर २००६ रोजी कॅनडात मॉन्ट्रियलजवळच्या लाव्हाल इथे कॉन्कॉर्ड नावाचा उड्डाणपूल अशाच सांध्यात कापला गेला. पाच माणसे गेली. पडण्याच्या तासभर आधी खालच्या रस्त्यावर काँक्रीटचे तुकडे पडल्याची तक्रार आली होती. रस्ते खात्याचा गस्तीचा माणूस आला, त्याने तुकडे बाजूला केले, वर पाहिले, तपासणीची मागणी नोंदवली आणि तो गेला. त्याचे काय चुकले? त्याने आपल्या परीने सगळे केले. पुढे चौकशी आयोगाने सांगितले की १९७० मध्ये बांधतानाच त्या सांध्यातल्या सळया चुकीच्या जागी बसल्या होत्या, काँक्रीट हलके होते. छत्तीस वर्षे ते कुणाला दिसले नव्हते. आपल्याकडे ९ जुलै २०२५ रोजी गुजरातेत मही नदीवरचा १९८५ चा गंभीरा पूल तुटला आणि वाहने नदीत पडली, तेव्हा सरकारच्या पहिल्या निवेदनात पेडेस्टल आणि आर्टिक्युलेशन हे शब्द होते. ते वाचताना मला आमच्या खाडीतली होडी आठवली.

हातोडीनंतर आम्ही यंत्रे लावली. त्यांच्याबद्दल थोडे सांगतो, कारण अहवालांत त्यांच्या आकड्यांचे तक्ते भरभरून असतात आणि वाचणारा दबून जातो. श्मिट हातोडी नावाचे स्प्रिंगचे उपकरण पृष्ठभागावर आपटून परत किती उसळते यावरून काँक्रीटचा कणखरपणा जोखतात. गंमत अशी की हवेतल्या वायूने अल्कधर्म गेलेला पृष्ठभाग अधिक कठीण होतो, म्हणून म्हातारे काँक्रीट या चाचणीत खऱ्यापेक्षा तरुण ठरते. दुसरी चाचणी ध्वनिलहरींची. लहर काँक्रीटमधून सेकंदाला साडेतीन किलोमीटरहून जास्त वेगाने गेली तर काँक्रीट चांगले, साडेचारच्या वर उत्तम, तीनच्या खाली संशयास्पद. आमच्या पुलात बहुतेक ठिकाणी चारच्या आसपास आकडे आले. म्हणजे काँक्रीट चांगले होते. आजार काँक्रीटला नव्हताच, सळईला होता.

सळईसाठी दुसरी युक्ती. एका जागी सळई उघडी करून तिला तार जोडायची, तारेचे दुसरे टोक व्होल्टमीटरला आणि व्होल्टमीटरचे दुसरे टोक तांबे व मोरचुदाच्या छोट्या अर्धविद्युतघटाला. हा घट ओल्या स्पंजावर ठेवून पृष्ठभागावर वीतभर अंतराने फिरवायचा. आकडा उणे २०० मिलिव्होल्टच्या अलीकडे असला तर तिथे गंज नसण्याची खात्री नव्वद टक्के, उणे ३५० च्या पलीकडे गेला तर गंज असण्याची खात्री नव्वद टक्के. मधले आकडे 'सांगता येत नाही' असे सांगतात. सगळे आकडे कागदावर मांडले की डोंगराच्या नकाशासारख्या रेषा उमटतात. आमच्या नकाशात चारपैकी दोन सांध्यांवर उणे ४०० च्या दऱ्या होत्या. पूर्वताणित पुलात मात्र हे उपकरण आंधळे असते, कारण केबल धातूच्या नळीत झाकलेली असते. रडारची लहरही धातूच्या नळीच्या आत जात नाही. तिथे छिद्र पाडून डॉक्टरांसारखी दुर्बीण आत घालण्यावाचून फारसा इलाज नसतो, आणि ते छिद्र केबललाच लागू नये ही धास्ती वेगळी.

शाळेच्या प्रयोगशाळेत आपण सर्वांनी पाहिलेले फिनॉल्फ्थॅलीनही इथे कामी येते. काँक्रीटचा ताजा तुटका भाग धरून त्यावर ते शिंपडायचे. जिथे गुलाबी झाले तिथे अल्कधर्म शाबूत, जिथे रंग आला नाही तिथे गेला. आमच्या नमुन्यात रंगहीन पट्टा बेअरिंगजवळ बावीस मिलिमीटरचा होता. आणि आवरण? नकाशात २५, मोजले तर अठरा.

मग भारचाचणी करायची का, असा प्रश्न आला. ही चाचणी लोकांना आवडते, कारण ती नाटकासारखी असते. वाळूच्या गोण्या किंवा भरलेले ट्रक गाळ्यावर उभे करून चोवीस तास ठेवायचे, किती झुकला ते मोजायचे, भार काढल्यावर आणखी चोवीस तासांत किती परत आला ते पाहायचे. साध्या सळयांच्या पुलात निदान पंचाहत्तर टक्के आणि पूर्वताणितात पंच्याऐंशी टक्के झुकाव परत आला तर पूल उत्तीर्ण. मी नको म्हणालो. झुकण्यातून पुलाचा ताठपणा कळतो, शेवटची ताकद कळत नाही. गंजून अर्धी झालेली सळईसुद्धा ताठ उभी राहते, तुटेपर्यंत. आणि ज्या सांध्याने इशारा न देता तुटायचे आहे त्याच्यावर मुद्दाम भार टाकून पाहणे म्हणजे दोर कुजलाय का हे बघायला त्याला लटकून पाहण्यासारखे आहे.

त्याऐवजी एका सांध्याची खाच उघडली. पोलादी टेकूवर मधला गाळा अलगद पेलून धरला आणि सुटलेले काँक्रीट काढले. नकाशातली २५ मिलिमीटरची सळई मोजली. वाईट जागी १९ भरली. सहा मिलिमीटर ऐकून कुणाला वाटेल, ठीक आहे, चौथा हिस्सा गेला. पण ताकद व्यासावर नसते, क्षेत्रफळावर असते. १९ चा वर्ग ३६१ आणि २५ चा वर्ग ६२५. म्हणजे ताकद अठ्ठावन्न टक्के उरली. त्यातच बेअरिंगची एक पट्टी सरकून गाळ्याचे टोक थोडे अधांतरी झाले होते. ट्रक आला की ते आधी खाली बसत होते आणि मग ट्रक पुढे जात होता. दोनदा वाजत होते ते हे.

पुढचे काम टेबलावरचे. उरलेल्या सळया, मोजलेले काँक्रीट आणि आजची वाहने घेऊन हिशोब पुन्हा मांडायचा. 'आजची वाहने' हा भाग महत्त्वाचा आहे. हे पूल बांधले तेव्हाचा ट्रक वेगळा होता. २०१८ मध्ये केंद्र सरकारने ट्रकच्या मागच्या चार टायरांच्या आसाला कायद्याने परवानगी असलेले वजन १०.२ टनांवरून ११.५ टन केले. रस्त्यावर कायद्यापलीकडे काय भरलेले असते ते वजनकाट्यावर उभ्या असलेल्या कुणालाही विचारावे. पुलाची ताकद घटत जाते, ट्रकचे वजन वाढत जाते, आणि दोन रेषा कुठेतरी एकमेकींना भेटतात.

आमच्या हिशोबात त्या कुठे भेटत होत्या? खराब दोन सांध्यांवर एकाच वेळी दोन भरलेले ट्रक समोरासमोर आले तर जवळजवळ तिथेच. मी दुसरा अहवाल लिहायला बसलो. संबंधित कार्यालयातून फोन आला. पावसाळा तोंडावर होता, त्यांना एका ओळीत हवे होते, पूल सुरक्षित आहे की असुरक्षित. त्यांचा दोष नाही. फाइलवर 'आहे' किंवा 'नाही' एवढेच बसते. १४ मार्च २०१९ रोजी मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचा पादचारी पूल गर्दीच्या वेळी कोसळला, तेव्हा त्याला अल्पावधीपूर्वीच्या ऑडिटने वापरण्याजोगा ठरवले होते, हे सगळ्यांनी वाचले. त्यानंतर आमच्या धंद्यात उलटा वारा आला. शंका आली की 'असुरक्षित' लिहून मोकळे व्हायचे. यात अभियंत्याची मान सुटते. माणसांचे काय होते ते आमच्या खाडीवर मी पाहिले आहे.

पूल पूर्ण बंद केला असता तर पलीकडच्या गावांना तालुक्याला जायला चौतीस किलोमीटरचा वळसा पडला असता, तोही घाटातून, पावसात. रुग्णवाहिका, शाळेची पोरे, मासळीचे टेंपो. घाटातल्या त्या रस्त्यावर पावसाळ्यात दरड येते. पुलाचा धोका मी कागदावर मांडला, वळशाचा धोका कुठल्याच अहवालात मांडायची रीत नाही. मी तीन पाने लिहिली. दहा टनांवर बंदी. बंदी पाटीने नव्हे, उंची अडवणाऱ्या लोखंडी कमानीने. एका वेळी एकाच बाजूची वाहतूक, म्हणजे सांध्यावर दोन गाड्या येणार नाहीत. दोन सांध्यांखाली तात्पुरते पोलादी टेकू. महिन्यातून दोनदा मोजमाप. आणि मुदत: ही व्यवस्था पुढच्या ३१ मे पर्यंतच, तोवर गाळे उचलून ओठ नव्याने बांधावेत, नाहीतर पूल बंद करावा.

कमान लागल्यावर एसटी पुलाच्या अलीकडे थांबू लागली. प्रवासी उतरून पूल पायी ओलांडत आणि पलीकडे उभ्या असलेल्या दुसऱ्या गाडीत बसत. एका आजीबाईंनी मला मध्यावर गाठून विचारले, "गाडी जाऊ देत नाय, आमाला जाऊ देता, मग आमचं वजन तुमच्या हिशोबात हाय का नाय?" मी त्यांना सांगितले की आहे, आणि ते खरेच होते, पायी चालणाऱ्या गर्दीचा भार दर चौरस मीटरला धरावा लागतो आणि जत्रेच्या दिवशी तो हलका नसतो. जत्रेच्या दोन दिवसांसाठी मी एक जादा कलम लिहून दिले.

पहिल्याच महिन्यात रात्री कुणीतरी वाळूच्या डंपरने कमान वाकवली. ती सरळ केली, पुन्हा वाकवली गेली. मग तिथे काका बसू लागले, निवृत्तीनंतरही, रोजंदारीवर. दोन सांध्यांवर भेगेच्या दोन्ही बाजूंना आम्ही पितळी खुंट्या बसवल्या होत्या. त्यांच्यातले अंतर मोजायला मी त्यांना शिकवले. त्यांच्या वहीत तारीख, भरती की ओहोटी, ऊन की ढग आणि मिलिमीटरचा आकडा असे चार रकाने होते. ऊन असले की भेग किंचित मिटते हे त्यांनी दुसऱ्याच आठवड्यात मला सांगितले. पुलाचा माथा तापला की तो वर फुगतो, हे त्यांना कुणी शिकवले नव्हते. पाचवा रकाना त्यांनी स्वतः आखला होता. त्यात 'एकदा' किंवा 'दोनदा' असे लिहिलेले असे.

गाळे उचलायचे काम एप्रिलात सुरू झाले आणि मुदतीनंतर अकरा दिवसांनी संपले. ते अकरा दिवस पूल पूर्ण बंद होता. वहीतला शेवटचा पान काम संपल्यानंतरचा आहे, जूनमधला, ढगाळ दिवसाचा, ओहोटीचा. पाचव्या रकान्यात 'एकदा' आहे.